कप्तानचा मग

सकाळी कप्तान चहासाठी खाली स्वयंपाकघरात उतरला, सवयीनं दाराजवळच्या खिळ्याकडे हात नेला, तर हातात भलताच मग आला. पिवळा, काठाचा टवका उडालेला. लेकीचा, छकुलीचा.

"माझा मग कुठाय?"

"दोन नंबरच्या खुंटीवर," आत्या, म्हणजे कप्तानची मोठी बहीण, म्हणाली. तिची पाठ त्याच्याकडे होती आणि ती अंडी फोडत होती. "डोळे शाबूत आहेत ना अजून?"

डोळे शाबूत होते. गेले होते ते गुडघे. दोन नंबरच्या खुंटीवर कप्तानचा निळ्या काठाचा पांढरा मग लटकत होता आणि त्याला खेटून धाकट्याचा. ज्या भावाशी आपण इतकी वर्षं धड बोललेलो नाही, त्याच्या मगाला आपला मग चिकटलेला पाहून कप्तानच्या कपाळावरची शीर उडायला लागली.

थोरलीवर मगांना फार महत्त्व होतं. थोरली म्हणजे या घराण्याची मोठी बोट. हौशी मासेमारांना घेऊन ती किनाऱ्यापासून लांब जायची, एखाद्या बेटाच्या आसपास नांगर टाकायची आणि आठवडाभर तिथंच मुक्काम ठोकायची. रोज सकाळी तिच्या कडेनं लहान होड्या पाण्यात उतरायच्या, प्रत्येकीत दोन माणसं बसायची, दिवसभर गळ टाकायची आणि संध्याकाळी परत यायची. या होड्यांना घरात सगळे पिल्लं म्हणत. सुरुवातीच्या काळात कोणी कोणाबरोबर बसायचं यावरून पाहुण्यांत इतकी जुंपायची, की शेवटी आत्यानं स्वयंपाकघराच्या भिंतीवर खुंट्या ठोकल्या. रात्रीची भांडी आवरली की ती मग टांगायची. ज्यांचे मग एका खुंटीवर, ती माणसं त्या नंबरच्या पिल्लात. आत्याच्या खुंटीवर अपील नाही, असा नियम कप्ताननंच केला होता आणि त्याच्या जोरावर भल्याभल्यांना गप्प बसवलं होतं. नुकतं लग्न झालेलं एक जोडपं एकदा दोन वेगळ्या पिल्लांत गेलं होतं, तेही मुकाट्यानं.

एकटा कप्तानचा मग तेवढा या भानगडीत नसे. तो खिळ्यावर. पिल्लं बाहेर असताना कप्ताननं थोरलीवरून हलायचं नाही, हा दुसरा नियम.

"ताई, हे काय आहे?"

"मग आहे. चहा प्यायचा असतो त्यात."

"मी पिल्लात जाऊन बसलो तर थोरली कोण बघणार?"

"खिळ्यावर कोणाचा आहे?"

कप्ताननं हातातल्या पिवळ्या मगाकडे पाहिलं. आता त्याच्या ध्यानात आलं, की हा डाव काल रात्रीच शिजला होता.

काल जेवताना त्यानं सगळ्यांसमोर जाहीर केलं होतं. मोसम संपला, पाहुणे गेले, दरवर्षीसारखी ही घरच्यांची शेवटची खेप. आणि ही खेप संपली की आपण सुकाणू सोडणार, गुडघे ऐकत नाहीत. पुढच्या मोसमाला बाहेरचा एक अनुभवी कप्तान ठेवायचा. छकुलीनं जेवता जेवता विचारलं होतं, "आणि मी?" तिच्याकडे कप्तानकीचा परवाना होता, तोही आजचा नाही. "तू आहेसच की मदतीला," तो म्हणाला होता. त्यावर छकुलीनं ताट बाजूला सारलं आणि शांतपणे सांगितलं, की दुसऱ्या एका बोटीवरून तिला बोलावणं आहे, तिकडे ती कप्तान म्हणूनच जाईल, आणि परत गेल्या गेल्या तिला हो किंवा नाही कळवायचं आहे. छकुली हे तिचं तान्हेपणीचं नाव. आता ती बापापेक्षा वीतभर उंच होती आणि नांगराची साखळी एकटीनं ओढायची. कप्तानला रात्रभर झोप लागली नव्हती. लेक जाणार या विचारानं तो कूस बदलायचा, पण थोरली तिच्या एकटीच्या हाती देण्याचा विचार आला की उठूनच बसायचा.

एवढ्यात बाकीची मंडळी उतरली. कप्तानची बायको, तिच्यामागे जावई, छकुलीचा नवरा. जावई दातांचा डॉक्टर होता आणि समुद्रावर आला की त्याचा चेहरा काकडीसारखा हिरवा पडायचा.

"तीन नंबर," बायकोनं खुंटी वाचली. "जावईबापू, तुम्ही माझ्याबरोबर. बादली धरता येते ना?"

"शिकेन," जावई म्हणाला.

शेवटी धाकटा आला. आत्यानं यंदा हट्टानं त्याला बोलावून घेतलं होतं. त्यानं दोन नंबरची खुंटी पाहिली, थोरल्या भावाकडे पाहिलं, आणि आत्याला म्हणाला, "ताई, मी घरी पोहत गेलो तर चालेल?"

"आधी अंडी खा. मग पोह."

"अपील..." कप्ताननं तोंड उघडलं.

"नाही," सगळे एका सुरात म्हणाले.

त्याचाच नियम त्याच्या गळ्यात पडला होता. तो धुमसत चहा प्यायला आणि वर आला. छकुली पुढच्या टोकाला साखळीपाशी वाकली होती.

"बाबा, वारा फिरेलसं वाटतंय. साखळी आणखी थोडी सोडून ठेवू?"

"नको."

"वारा फिरला की खडक मागे येतील. नांगर घसरला तर?"

"माझा नांगर घसरत नाही. त्याला हात लावायचा नाही आणि थोरली जागची हलवायची नाही. पिल्लं बाहेर असताना तर मुळीच नाही. बाकी काय करायचं ते तुला माहीत आहे."

"बाकी काही उरतच नाही मग," छकुली म्हणाली. पण तिनं साखळी तशीच ठेवली.

तो नांगर कप्ताननं स्वतः पारखून आणला होता. लोक घोड्याचं कौतुक सांगतात तसं तो नांगराचं सांगायचा, आणि पाहुण्यांना त्याच्याशेजारी उभं करून फोटो काढायला लावायचा. आत्या म्हणायची, पोरीच्या बारशाला एवढे फोटो काढले नव्हते.

दोघं भाऊ पिल्लात उतरले. धाकट्यानं मोटर सुरू केली. थोरली मागे पडू लागली, तसा कप्तान मान वळवून बघत राहिला. बाहेरून तिला त्यानं कित्येक वर्षांत पाहिलं नव्हतं. ती त्याला वाटत होती त्यापेक्षा लहान होती आणि तिचा रंग उडाला होता.

"मान आखडेल," धाकटा म्हणाला.

"तू समोर बघ."

"समोर पाणीच आहे, दादा. चुकायला काही नाही."

खडकाळ भाग टाळून त्यांनी जागा धरली. धाकट्यानं गळाला आमिष लावलं, हलकेच झटका दिला, दोरी सुरेख लांब गेली. कप्ताननंही हात मागे नेला आणि जोरात फेकला. गळ पुढे गेलाच नाही. त्यानं मागे हात लावून पाहिलं, तर टोपीत अडकला होता.

धाकट्याचे नुसते खांदे हलत होते.

"हस, हस. मोठ्यानं हस."

"नाही रे. टोपी मोठी आहे, सोडू नकोस, एवढंच म्हणणार होतो."

कप्तानला हसू आलं, ते त्यानं खोकल्यात घालवलं. गळ सोडवायला धाकट्याला जवळ यावं लागलं. दोघांची डोकी एकमेकांना लागली. धाकट्याचे केस पिकले होते. हे कप्तानला काल दिव्याच्या उजेडात दिसलं नव्हतं, की दिसूनही त्यानं पाहिलं नव्हतं, कोण जाणे.

लांब तीन नंबरच्या पिल्लातून बायकोचा आवाज येत होता. "अहो जावईबापू, बादली! बादली म्हणजे ती नव्हे, ती तुमच्यासाठी आहे!" तिला मासे लागत होते. तिला नेहमीच लागत.

"वहिनीचं बरं चाललंय," धाकटा म्हणाला.

"तिला काय, तिच्या डोक्याला कसला ताप नाही."

"तुझ्या डोक्याला कसला आहे?"

कप्ताननं गळ पुन्हा फेकला, या वेळी पाण्यात. मग न राहवून म्हणाला, "पोर जाईन म्हणते."

"मग सुकाणू दे तिला."

"देईन. पण एकटीनं निभावलं पाहिजे ना. वेळेला डोकं फिरलं म्हणजे? तुझं फिरलं होतं तसं?"

जुनी गोष्ट होती, पण घरात तिला अजून खपली धरलेली नव्हती. तेव्हा कप्तान एका पाहुण्याला घेऊन पिल्लात गेला होता आणि थोरली धाकट्यावर सोपवली होती. धुकं उतरलं. परत आला तो थोरली जागेवर नाही. पाहुण्याला घेऊन तो अर्धा दिवस शंख फुंकत फिरला, पाहुणा तर रडायला लागला. थोरली सापडली ती बेटाच्या पलीकडे. धाकटा सांगत होता, नांगर घसरला, खडक जवळ आले, म्हणून हलवली. कप्ताननं सगळ्यांसमोर त्याला खोटारडा म्हटलं आणि बोटीवरून उतरवलं. त्या दिवसापासून पिल्लं बाहेर असताना थोरली हलवायची नाही हा नियम झाला, आणि कप्ताननं स्वतः परत कधी थोरली सोडली नाही.

"माझं डोकं फिरलं नव्हतं," धाकटा म्हणाला. आवाजात राग नव्हता. "पण तू तुझ्या नांगराचा भक्त. देवाला कोण शंका विचारतो?"

कप्तान त्याला काहीतरी जबर सुनावणार होता, तेवढ्यात त्याची दोरी ताणली गेली. काठी धनुष्यासारखी वाकली. मोठा होता, चांगला मोठा. "सोडू नको, सोडू नको," धाकटा उठून उभा राहिला, आणि दोघंही सगळं विसरून ओरडायला लागले. वर्षानुवर्षं दुसऱ्यांना मासे पकडताना पाहिलेला कप्तान लहान पोरासारखा खूश होता.

त्याच वेळी त्याच्या गालाला वारा लागला. सकाळपासून डाव्या गालाला लागत होता, तो आता उजव्या गालाला.

त्यानं मान वर केली. थोरली फिरली होती. वाऱ्याकडे तोंड करून उभी होती, जशी नांगरावरची बोट उभी असावी तशी. पण तिच्यामागे खडकांवर लाटा फुटत होत्या, आणि तिच्यात आणि त्या पांढऱ्या फेसात मघाशी जेवढं पाणी होतं तेवढं आता नव्हतं.

"ती आपण इकडे सरकलो म्हणून तसं दिसतंय," कप्तान म्हणाला.

"आपण सरकलो नाही."

कप्तान बघत राहिला. फेस आणि थोरली यांच्यातलं पाणी आणखी आटलं. ती चालली होती. अगदी ऐटीत, नाक वर करून, मागे मागे. आणि तिच्या तोंडाशी तोच नांगर होता.

त्याच्या तोंडचं पाणी पळालं. त्यानं काठी धाकट्याच्या हातात कोंबली आणि वायरलेस उचलला. अंगठा बटणावर ठेवला.

"बोल," धाकटा म्हणाला. "पण आधी मला सांग, त्या दिवशी असं यंत्र असतं आणि मी तुला विचारलं असतं, तर तू काय सांगितलं असतंस?"

"थांब म्हणालो असतो."

"आणि?"

लाटेवर पिल्लू वर गेलं, खाली आलं.

"आणि थोरली खडकावर गेली असती," तो म्हणाला.

धाकट्याच्या हातातली काठी एकदम सरळ झाली. मासा सुटून गेला होता. कोणाचं तिकडे लक्ष नव्हतं.

कप्ताननं अंगठा बटणावरून काढला. त्याला माहीत होतं, की छकुली या क्षणी सुकाणूच्या खोलीत उभी आहे आणि तिच्या कानात सकाळचं वाक्य घुमतंय, हलवायची नाही. तिनं ते पाळलं तर थोरली गेली. आता सांगावं तर तिनं ऐकायचंच, मग ती कायमची सांगकामी. गप्प बसणं त्याला आयुष्यात कधी इतकं अवघड गेलं नव्हतं. "हलव," तो पुटपुटला. वायरलेस मांडीवर होता, बटण न दाबलेला. "हलव ना बाई, हलव. माझं काय ऐकतेस."

खरखर झाली आणि छकुलीचा आवाज आला. कोरडा, सरळ, भाजीचा भाव सांगावा तसा.

"दोन आणि तीन, थोरलीवरून बोलते आहे. नांगर घसरतोय. मी हलवते आहे, बेटाच्या आडोशाला नेते. तुम्ही खडकांपासून लांब राहा, मी बोलावल्याशिवाय जवळ यायचं नाही. कळलं का ते सांगा."

"तीन, कळलं," बायकोचा आवाज. मागे जावई कण्हत होता.

कप्ताननं बटण दाबलं. "दोन, कळलं. आणि हे बघ, साखळी घेताना आधी..."

धाकट्यानं वायरलेस त्याच्या हातातून अलगद काढून घेतला. "दोन, कळलं. एवढंच."

थोरलीच्या धुराड्यातून धूर निघाला. पुढच्या टोकाला कोणीतरी साखळी घेत होतं. पदर खोचलेली, जाडजूड, म्हणजे आत्या. साठी उलटलेली बाई. छकुलीनं इंजिन पुढे घेतलं, आत्याला साखळी सैल मिळेल इतपतच, थोडं थांबवलं, परत पुढे. घाई नाही. मागचा फेस थोरलीला शिवतोय असं वाटण्याइतका जवळ आला, आणि मग दोघांमध्ये निळं पाणी दिसलं. ते रुंद होत गेलं. नांगर पाण्याबाहेर आला. त्याच्या दातांत समुद्राच्या तळाचं भलंमोठं शेवाळ अडकलं होतं.

"दाढी आली तुझ्या देवाला," धाकटा म्हणाला.

कप्तान हसायला लागला. आधी हळू, मग डोळ्यांतून पाणी येईपर्यंत. हसता हसताच त्यानं धाकट्याचा दंड पकडला आणि तो धरून ठेवला.

"मी तुला खोटारडा म्हणालो होतो."

"सगळ्यांसमोर."

"सगळ्यांसमोर परत घेतो. चहाला."

"ताईच्या समोर घे. तिनं इतकी वर्षं माझी बाजू घेऊन तुला पातळ चहा दिलाय."

"म्हणून पातळ असतो होय?"

बेटाच्या आडोशाला छकुलीनं नांगर टाकला, साखळी भरपूर सोडली, इंजिन मागे घेऊन तो धरतो का ते पाहिलं, आणि मगच पिल्लांना बोलावलं. दोन्ही पिल्लं बरोबरच पोचली. तीन नंबरची बादली माशांनी भरली होती. दुसरी बादली जावयानं मांडीत धरली होती.

शिडीपाशी सगळे थांबले. थोरलीवर चढायची एक रीत होती, आणि ती कोणालाच चुकली नव्हती, मोठमोठ्या पाहुण्यांनाही नाही. कठड्याशी कप्तान उभा राहायचा आणि विचारायचा, माणसं किती. माशांचं नंतर. पिल्लात जो वयानं मोठा त्यानं माणसं सांगायची आणि कप्तानची परवानगी मागायची. कप्तान चढा म्हणाला की चढायचं. इतकी वर्षं कठड्याच्या वरच्या बाजूला तोच होता. खालून हा कठडा एवढा उंच दिसतो, हे त्याला ठाऊक नव्हतं.

छकुली कठड्याशी आली. हात काळे झाले होते, गालावर वंगणाचा पट्टा होता. तिनं बापाच्या चेहऱ्याकडे पाहिलं. ती बोलणी खायची तयारी करून आली होती, हे त्याला तिच्या जबड्यावरून कळलं. तिचा जबडा त्याच्यावरच गेला होता.

"तुम्ही सांगितलं होतं हलवू नको म्हणून," ती म्हणाली. "पण हलवली."

"ते नंतर," कप्तान म्हणाला. "आधी रीत."

ती जराशी गोंधळली. मग ताठ उभी राहिली.

"माणसं किती?"

धाकट्यानं दादाकडे पाहिलं. पिल्लात वयानं मोठा तो नव्हता.

"दोन," कप्तान म्हणाला. "दोघं सख्खे भाऊ."

मग तो थांबला. तीन नंबरमधून बायको म्हणाली, "अहो, पुढचं म्हणा. जावईबापू फार वेळ टिकणार नाहीत."

कप्ताननं दोन्ही हातांनी शिडी धरली. गुडघे दुखत होते. त्यानं मान पूर्ण मागे टाकून वर लेकीकडे पाहिलं.

"चढू का, कप्तान?"

आत्यानं पदराच्या टोकानं नाक पुसलं आणि कांद्याला शिव्या दिल्या. कांदा कुठंच नव्हता. छकुलीच्या जबड्याचं काय झालं ते कप्तानला नीट दिसलं नाही, कारण त्याच्याच डोळ्यांना धड दिसत नव्हतं. तिचा आवाज मात्र स्वच्छ आला, त्याच्याच तोंडचा, त्याच्याच चालीवर.

"पाय जपून. चढा."

चहा त्या दिवशी घट्ट झाला. कप्ताननं मेजापाशी उभं राहून, सगळ्यांसमोर, ठरल्याप्रमाणे शब्द परत घेतला. धाकटा लाजला, बायकोनं मासे तळता तळता दोघांना मसाल्याच्या हातांनीच थोपटलं. छकुलीनं विचारलं, "मग त्या दुसऱ्या बोटीला काय कळवू?"

"मला काय विचारतेस? थोरलीचा कप्तान तू. तुला सुट्टी द्यायची की नाही, तूच ठरव."

"नाही देत," छकुली म्हणाली, आणि बापाच्या ताटातला माशाचा सगळ्यात मोठा तुकडा उचलून तोंडात टाकला.

चहा संपल्यावर कप्ताननं मग विसळला. पाय आपोआप दाराकडे वळले, तिथे खिळ्यावर पिवळा मग होता. तो वळला, मागे आला आणि आपला मग दोन नंबरच्या खुंटीवर, धाकट्याच्या मगाशेजारी टांगला. जरा मागे होऊन त्यानं पाहिलं. बरं दिसत होतं.

आत्या आली, तिनं त्याचा मग काढला आणि तीन नंबरवर जावयाच्या मगाशेजारी लावला, त्याच्या बायकोचा तिथून काढून दोन नंबरवर आणला.

"ताई, आता हे काय?"

"धाकट्याला उद्या मासे पकडायचेत. आणि त्या पोराची बादली कोणीतरी धरायला हवी."

कप्ताननं मोठ्या आशेनं लेकीकडे पाहिलं.

"अपील नाही," नवी कप्तान म्हणाली.